शिवेपलीकडची गंगा

॥ श्री ॥
मुक्काम पांचाळेश्वर, भाद्रपद वद्य ९, शके १८३५

तीर्थरूप सुंदरआक्कास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

इकडं सर्व क्षेम आहे. पैठणच्या घाटावरून आमची नाव सुटायची त्याच्या दुसऱ्या दिवशी सुटली, कारण अमीनसाहेबांचा हुक्का मुक्कामावर राहिला होता आणि तो आणायला गेलेला माणूस गावात जेवूनच परतला. सरकारी काम म्हणजे असंच. गंगेचा पूर आता ओसरला आहे. पात्र कुठं किती खोल, वाळू कुठं, खडक कुठं, याची नांदेडपर्यंत पैमाईश करायची. अमीनसाहेब बांबू बुडवून आकडा सांगतात, मी लिहून घेतो आणि माझा जोडीदार कारकून रामहरी नकाशावर टिंब देतो. नाव म्हाळू नावाड्याची. गंगेवर याचा जन्म गेला, पण गडी असा की त्याच्या लेखी जनावरं दोनच जातींची, एक रस्सा चांगला होतो ती आणि दुसरी होत नाही ती.

आता तुझ्या कामाचं. नावेवरून जे जे पशुपक्षी दिसतील त्यांची यादी पाठव म्हणालीस, ती आजपासून सुरू करतो. पाणकावळे, वठलेल्या बाभळीवर, ओले पंख पसरून बसलेले, धोब्याच्या दोरीवरचे अंगरखे जणू. टिटव्या, बीडकडच्या काठाला, आमच्यावर फार रागावलेल्या. खंड्या, एकटाच, निळाशार, दरडीतल्या बिळात जाऊन येत होता. सुसर एक, वाळूवर तोंड उघडं टाकून पडलेली. तिच्याकडं बघून म्हाळू म्हणाला, की मालक, हिचं कायबी व्हत न्हाई. रोही तीन, औरंगाबादकडच्या काठाला, कुणाच्या तरी तुरीत उभे. कासवं पुष्कळ.

आक्का, एक गोष्ट मनात घेतली आहे. लहानपणी तू मला देवीच्या डोंगरावर न्यायचीस आणि लांब चमकणारी गंगा दाखवायचीस. नदीपासून चार-पाच कोसांवर जन्म काढलास, पण बाराव्या वर्षी सासरहून कायमची घरी परत आलीस तेव्हापासून तिची भेट म्हणजे बंद गाडीतून जाऊन, मान खाली घालून केलेलं पर्वणीचं स्नान. तुला मी या नावेत बसवणार आहे. कसं ते मला अजून सुचलेलं नाही, पण बसवणार.

हे पत्र तुझ्या नावावर असलं तरी अर्धं तुझ्या भावजयीचं, सत्यभामेचं आहे असं तिला सांग, म्हणजे ती रुसणार नाही. काकांना नमस्कार. पाणी कितीही वाहून गेलं तरी तुझा लोभ होता तिथंच राहावा, हे मागणं.

तुझा बद्रीनाथ

॥ श्री ॥
तलवाडा, आश्विन शुद्ध २

चिरंजीव बद्रीनाथ यास सुंदरबाईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. डाकवाल्यानं ते काकांच्या हातात दिलं. काकांनी ते माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाले, की या राधाकिशनचा पुतण्या सरकारात चिकटला म्हणून मी पेढे वाटले, पण सरकार त्याला पगार पाणी मोजायचा देतं का कावळे. मी पत्र उचललं. मनात म्हटलं, दोन्ही मोजतो, कामाचा आहे पोरगा.

दुपारी सत्यभामा डाळ निवडायला बसते तेव्हा मी तुझी यादी मोठ्यानं वाचते. नुसती वाचली तर काका ओरडतील, म्हणून पोथीच्या चालीवर वाचते. सुसरीशी आले तेव्हा ओसरीवरून त्यांनी विचारलं, की आज गजेंद्रमोक्ष लावलाय का. मी होय म्हणाले. सत्यभामेनं तोंडात पदर कोंबला, तिच्या सुपातली निम्मी डाळ जमिनीवर गेली. मी तिला वाचायला शिकवलं तेव्हा वाटलं होतं की पोरीला शहाणपण येईल. ते काही आलं नाही, हसणं मात्र वाढलं.

यादी बरी आहे, पण तुझं नेहमीचंच, धसमुसळेपणा. कासवं पुष्कळ, एवढ्यानं मला काय समजायचं? ती पाण्यात होती की दगडावर? नाव जवळ गेल्यावर काय करतात? खंड्या केवढा असतो, कोंबडीएवढा का? तुझं काय, तू डोळ्यांनी बघून पुढं जातोस. मी इथं भिंतीला टेकून बसते आणि तू लिहिशील तेवढीच गंगा मला मिळते. म्हणून नुसती नावं पाठवू नकोस, ते काय करत होतं तेही लिही.

नावेत बसवीन म्हणालास. तुझ्यापाशी काय लपवू, मला फार बसायचं आहे. पुण्यासाठी नाही. नुसतं बघायचं आहे, दिवसभर, मान वर करून, कुणी ऊठ म्हणेपर्यंत. हे लिहिताना दोनदा दाराकडं पाहिलं. पण घाई करू नकोस. कार्तिकी होऊ दे, मग बघू. पाण्यात उगाच उतरू नकोस, ओलं धोतर अंगावर वाळवू नकोस.

तुझी आठवण काढणाऱ्यांवर तुझीही माया असू दे, एवढं पुरे.

तुझी आक्का

॥ श्री ॥
राक्षसभुवन, आश्विन वद्य १

तीर्थरूप आक्कास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

हे पत्र गाडीवान आसारामच्या हाती देतो आहे. तू हे वाचशील तेव्हा तो दारात गाडी उभी करून बैलांना पाणी पाजत असेल. पत्र संपलं की दोन लुगडी बांध आणि गाडीत बैस. बाकी सगळं मी केलं आहे.

परवा तहसिलीच्या कामाला गेवराईला गेलो, तिथं काका भेटले. त्यांना म्हटलं, की मंजरथला सिंदफणा गंगेला मिळते, एवढं मोठं तीर्थ, आमची नाव तिथूनच जाणार, आक्काला स्नान घडेल. काका म्हणाले, की सरकारी नावेत, अमीन मुसलमान, पोरीच्या सोवळ्याचं काय. मी सांगितलं, की नावेच्या नाळेकडं, पुढच्या टोकाला, वेगळी चूल मांडली आहे, मधे कनात लावली आहे, रामहरी स्वतः पाणी भरणार. ते पुष्कळ वेळ मिशीवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, की तिच्या बापानं तिला कुठं नेलं न्हाई, मी न्हाई, तू तरी ने. आक्का, काकांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. अमीनसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले, की तुमची बहीण ती आमची बहीण, यात पुसायचं काय. कनातीचं कापड त्यांनीच दिलं.

तू कार्तिकीनंतर म्हणाली होतीस, पण तो तुझा संकोच, हे मला कळतं. शिवाय कार्तिकीनंतर पाणी उतरतं आणि नाव जागोजाग वाळूला लागते. आत्ता गंगा भरलेली आहे, शांत आहे. थंडीचे पाहुणेही यायला लागले. यादी मुद्दाम लिहीत नाही. आता तूच कर.

नाव उद्या दिवसभर घाटाला थांबवली आहे. अमीनसाहेबांचं पोट दुखतं, असं दप्तरी लिहिलं आहे.

पुढचा लोभ समोर बसून मागेन.

तुझा बद्रीनाथ

॥ श्री ॥
तलवाडा, आश्विन वद्य १

चिरंजीव बद्रीनाथ यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गाडी रिकामी परत पाठवते आहे. आसारामवर रागावू नकोस, त्यानं मला दोनदा बसा म्हटलं. गाडीत शंकरपाळ्यांचा डबा आहे, तो अमीनसाहेबांनाही दे.

तुला सांगितलं नव्हतं, कारण नेम बोलून दाखवला की हलका होतो असं आई म्हणायची. आषाढी एकादशीला देवीपुढं उभी राहून मी नेम घेतला, की माझा भाऊ गंगेवर आहे तोवर चातुर्मासात तलवाड्याची शीव ओलांडणार नाही, तिनं त्याला सांभाळावं. कार्तिकीच्या द्वादशीला नेम सुटतो. आपले बापू गंगेतच गेले. नदी ओलांडायला उतारात गाडी घातली आणि वरून लोंढा आला. तू तेव्हा माझ्या कडेवर होतास, तुला काही आठवत नाही. मला बैल आठवतात, एकटे परत आलेले. नावेवर नोकरी लागली म्हणालास त्या दिवसापासून माझ्या पोटात ते बैल आहेत. माझ्याजवळ देवाला द्यायला दुसरं काय होतं? दागिना नाही, नवरा नाही, मूल नाही. जाणं-येणं तेवढं होतं, तेही फारसं नव्हतं. तेच दिलं.

लुगडी बांधली होती, हे तुला कळू दे. गाडीच्या जुवाला हात लावून उभी राहिले. बसले असते तर सुख झालं असतं, पण पाण्यात बांबू पडेल तिथं मी दचकले असते, की आता गंगा आपलं मागून घेईल. अशा जिवानं मला काय दिसलं असतं?

काकांनी तुझ्यापाशी काढलेले ते शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. रागावशील, ते मला माहीत आहे. रागावून घे, पण यादी थांबवू नकोस. द्वादशीला नेम सुटला की मी मंजरथला येते. तिथवर नाव राखून ठेव.

राग गेला की लोभ धाडून दे.

तुझी आक्का

॥ श्री ॥
राक्षसभुवन, आश्विन वद्य ३

तीर्थरूप आक्कास बद्रीनाथचा नमस्कार, वि. वि.

साष्टांग लिहिलेलं नाही, कारण रागावलो आहे. काल दिवसभर घाटाच्या वरच्या पायरीवर बसलो आणि जी गाडी दिसली ती तुझीच धरली. तुझी चिठ्ठी आली तरी वाटत राहिलं, की मन बदलेल. अमीनसाहेब दोनदा वर येऊन माझ्याशेजारी बसून गेले. संध्याकाळी शंकरपाळे खाल्ले. चांगले झाले होते, याचाही राग आला.

आक्का, माझ्यासाठी तू स्वतःला खुंटीला बांधून घेतलंस आणि मला त्याचा पत्ताही नाही. मी इकडं लिहितो आहे, बगळा उडाला, करकोचा उडाला. तुला वाटतं तुझ्या शिवेत राहण्यानं माझी नाव तरंगते. मला वाटतं ती म्हाळूच्या हातानं तरंगते, पण ते सोडून देतो. तुझ्या देवीशी भांडणारा मी कोण.

बरं, द्वादशी. आम्ही सावकाश जाऊ. मंजरथच्या जरा खाली पात्र फार पसरलेलं आहे, तिथं पैमाईश लांबवता येईल. पण पुढच्या वर्षी मला न विचारता माझ्यावरून काहीही ओवाळून टाकायचं नाही, हे कबूल कर.

यादी. चक्रवाक, जोडीनं, वाळूच्या टोकाला, शेंदरी रंगाचे, एकमेकांना हाका मारत. चमच्यासारख्या चोचीचे पांढरे पक्षी, चिखल ढवळत होते. कासवं दगडावर होती, नाव जवळ गेली की एकामागून एक पाण्यात पडतात, ताटातून लाडू घरंगळावेत तशी. झालं समाधान?

राग निवला आहे. साष्टांग नमस्कार.

बद्रीनाथ

॥ श्री ॥
नेकनूर, कार्तिक शुद्ध २

तीर्थरूप वन्संस सत्यभामेचा नमस्कार, वि. वि.

दिवाळीला माहेरी आले ती आईच्या दम्यामुळं अडकले. तिला आता उतार आहे, पण वडील म्हणतात की तुळशीचं लग्न झाल्याशिवाय पाठवणार नाही. इथं पोथीच्या चालीवर कुणी काही वाचत नाही. डाळ निवडताना झोप येते.

त्यांची चिठ्ठी पाडव्याला आली. दोनच ओळी. अंगात जरा कसर आहे, काळजी करू नये, वन्संना कळवू नये, असं लिहिलं आहे. कळवू नये म्हटल्यावर मला राहवेना, म्हणून कळवते. तुम्हांला काही सविस्तर आलं असेल तर लिहा. अक्षर त्यांचं वाटलं नाही.

तुमच्या रागावण्याचीही सवय झाली आहे, तेव्हा माया ठेवून रागवावं.

तुमची सत्यभामा

॥ श्री ॥
मंजरथ, कार्तिक शुद्ध ४

तीर्थरूप आक्कास बद्रीनाथचा साष्टांग नमस्कार.

थोडा हिवताप आहे. दुपारी येतो, संध्याकाळी जातो, सरकारी माणसासारखा वक्तशीर. अमीनसाहेबांनी कोयनेल दिलं. घाटावरच्या धर्मशाळेत निजलो आहे, खिडकीतून गंगा दिसते. रामहरी बसलेला असतो.

यादी लिहितो, नाहीतर रागावशील. टिटवी. टिटवी. मोर, पाण्याच्या मधोमध चालत होता, पाय न भिजवता. बापूंचे बैल, दोन, पैलतीराला. रामहरी म्हणतो की तिथं काही नाही. तो नीट बघत नाही.

आक्का, तहान फार लागते. लहानपणी गोवर आला तेव्हा तू धने भिजवून पाणी द्यायचीस, ते इथं कुणाला करता येत नाही. द्वादशी कधी आहे? रामहरी सांगतो पण माझ्या ध्यानात राहत नाही. तू नेम पुरा कर. मी थांबतो.

लोभ

बद्री

॥ श्री ॥
तलवाडा, कार्तिक शुद्ध ८, सकाळ

चिरंजीव सौभाग्यवती सत्यभामेस सुंदरबाईचे आशीर्वाद, वि. वि.

गाडी जुंपते आहे, तोवर चार ओळी लिहिते. बद्रीला ताप आहे आणि तो डोक्यात गेला आहे. पाण्यावर मोर चालतो असं लिहिलं आहे त्यानं. काल संध्याकाळी त्याचं पत्र आलं.

नेम सुटायला अवघे थोडे दिवस उरले. पत्र हातात घेऊन देवीपुढं गेले आणि विचारलं, की आता काय करू. शीव ओलांडली तर त्याच्यासाठी धरलेलं मोडतं. नाही ओलांडली तर धन्याचं पाणी मागणारा माझा भाऊ परक्यांच्या हातात. मी इतकी वर्षं तिच्याशी बोलते, त्यातलं तिनं काय ऐकलं असेल असं पहिल्यांदाच मनात आलं, आणि त्याचीही भीती वाटली.

काकांना म्हटलं, की मी जाते, पाप लागलं तर मला लागू दे. मला वाटलं ते अडवतील. ते उठले, स्वतः बैल सोडून आणले आणि म्हणाले, की मीबी येतो, चल. आता बाहेर कासरा ओढत उभे आहेत.

तुझ्या वडिलांना सांग की तुळशीचं लग्न तुझ्यावाचून होतं, तुला मंजरथला पाठवावं. धने बांधून घेतले आहेत. मी त्याला बरं करते. गोवरातून काढला, यातूनही काढीन. तू घाबरू नकोस.

माझ्यावर विश्वास ठेव, मायेपेक्षा आज मला तो जास्त हवा आहे.

तुझी वन्सं

मंजरथ, कार्तिक शुद्ध ८

राजमान्य राजेश्री राधाकिशनराव यांस रामहरीचा नमस्कार. लिहिण्यास हात धजत नाही.

बद्रीनाथपंत आज सकाळी, सूर्य कासराभर वर आला असता, गेले. दोन दिवस शुद्ध नव्हती. अमीनसाहेबांनी माजलगावाहून वैद्य आणवला होता, तो पोचेतो शरीर गार पडू लागलं. देह ठेवण्यासारखी वेळ नव्हती, म्हणून गावच्या ब्राह्मणांच्या विचारानं समोरच्या वाळवंटात मीच अग्नी दिला. माझा अधिकार नसता हे केलं, पोटात घालावं. अस्थी तिसऱ्या दिवसापर्यंत राखून ठेवतो. आपण त्वरेनं यावं. सुंदरबाईंना कसं सांगावं ते आपणच जाणता.

हे पत्र वाचून फाडून टाकावं, घरात ठेवू नये.

रामहरी

नेकनूर, कार्तिक वद्य ३

वन्संस सत्यभामेचा नमस्कार.

धाकट्या भावानं लपवून शिसपेन्सिल दिली म्हणून लिहिता येतं. मला मागच्या खोलीत बसवलं आहे. तुमचं अष्टमीचं पत्र मला तेव्हाच मिळालं होतं. मी गाडीसाठी वडिलांच्या पाया पडले. ते म्हणाले, की ताप काय कुणाला येत न्हाई, चार रोज थांब. मी थांबले. दुसऱ्या सकाळी माणूस आला आणि आईनं ओरडून माझ्या बांगड्यांवर हात टाकला, तेव्हा मला कळलं. आता म्हणतात की तेराव्यानंतर नेऊ. कशाला नेणार, ते विचारलं तर सगळे खाली बघतात.

बायका भेटायला येतात. परवा एक म्हणाली, की नणंदेनं नेम मोडला म्हणून असं झालं, गंगेनं सूड घेतला. मी तिला घालवून दिलं. वन्सं, हे तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगते. आम्ही सगळे थांबलो. कुणी मुहूर्तासाठी, कुणी तुळशीच्या लग्नासाठी, कुणी चार रोज. एकट्या तुम्ही निघालात. माझ्या नवऱ्यासाठी कुणीतरी शीव ओलांडली, एवढं माझ्याजवळ आहे, ते कुणाला हिरावू देणार नाही.

माझं एक मागणं आहे. मी तिथली गंगा पाहिलेली नाही. ते निजले होते तिथून काय दिसतं, मला माहीत नाही. डोळे मिटले की काळोखच दिसतो, दुसरं काही येत नाही. तुम्ही तिथं आहात. काय काय आहे ते लिहा, त्यांच्यासारखं. नुसती नावं नकोत.

तुमच्यावाचून मला आता कुणी नाही.

सत्यभामा

मंजरथ, कार्तिक वद्य ६

चिरंजीव सत्यभामेस सुंदरबाईचे आशीर्वाद.

तुझ्या नावामागं आता लोक गंगाभागीरथी लिहितील. माझ्या नावामागं बाराव्या वर्षापासून आहे. माझ्या हातून तुझ्यामागं ते लिहवलं नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. अजून लहान आहेस.

आम्ही नवमीला संध्याकाळी पोचलो. रामहरी वेशीत उभा होता. मला गाडीतून उतरताना पाहिलं आणि त्यानं तोंड फिरवलं. काकांनी मला धरलं, मग मी काकांना धरलं. धन्याची पुरचुंडी माझ्या हातात होती, ती कुठं ठेवावी ते मला किती तरी वेळ कळेना.

तो अष्टमीला सूर्य कासराभर वर आला तेव्हा गेला. आमच्या गाडीनं तलवाड्याची शीव ओलांडली तेव्हाही सूर्य तेवढाच होता. रामहरीला मी पुन्हा पुन्हा विचारलं, आधी की नंतर, आणि तो बिचारा रडायला लागला. मी शीव ओलांडली म्हणून तो गेला, की ओलांडायला उशीर केला म्हणून गेला, हे मला सांगणारं आता कुणी नाही. त्या दिवशी आसारामच्या गाडीत बसले असते तर निदान पाणी तरी माझ्या हातचं प्याला असता. तू लिहिलंस ते वाचलं. तुला ते खरं वाटतं, म्हणून जपून ठेवते. मला अजून वाटत नाही.

तू मागितलंस ते लिहिते. मी पूर्वी कधी केलेलं नाही, चुकलं तर सांभाळून घे.

धर्मशाळेची खिडकी पूर्वेला आहे. खाली घाटाच्या पायऱ्या, पुढं सिंदफणेचं गढूळ पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतं, रंगांची रेघ लांबपर्यंत दिसते. समोर वाळू. तो तिकडं तोंड करून निजायचा. ती जागा काळोखाची नाही, सत्यभामा. सकाळी तिथं इतका उजेड येतो की डोळ्यांवर हात धरावा लागतो.

तिसऱ्या दिवशी अस्थींसाठी पैलाड जायचं होतं. बायका जात नाहीत. मी काकांच्या मागून पायऱ्या उतरले, काकांनी मागं पाहिलं आणि बाजूला सरून मला वाट दिली. म्हाळूनं नाव धरली आणि म्हणाला, की बसा आक्का, मालकानं ही जागा तुमच्यासाठी केलती. नाळेकडं चूल तशीच होती. कनातही होती, ती अमीनसाहेबांनी स्वतः वर करून बांधली, म्हणजे मला दिसावं. ते पूर्ण वेळ माझ्याकडं पाठ करून बसले होते. पाठ हलत होती.

नाव सुटली तेव्हा काठावर टिटवी होती, ती आमच्या बरोबरीनं पळत आली, ओरडली नाही. कासवं दगडावर होती. आम्ही जवळ गेलो, पण पाण्यात पडली नाहीत, नुसत्या माना वळवल्या. पाणमांजरं चार, लव्हाळ्यापाशी, एकमेकांच्या अंगावर उड्या टाकत खेळत होती. मला त्यांचा राग आला आणि मग आला नाही. खंड्या दिसला. मी त्याला कोंबडीएवढा धरून चालले होते, तो तर चिमणीहून थोडासाच मोठा. तोंडून निघून गेलं, की बद्री, एवढासा होय रे. म्हाळूनं वल्हं थांबवलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि सांगायला बाजूला वळले तर तिथं काका होते, मांडीवर नवं गाडगं घेऊन.

करकोचे फार उंचावरून गेले, रांगेनं, दक्षिणेकडं. बगळा एक, चितेच्या जागेपासून जवळच, एका पायावर उभा. त्याला कुणी हाकललं नाही.

काल तेरावं झालं, आता मी काकांबरोबर नेकनूरला येते. तुझ्या वडिलांशी काका बोलतील. तुझ्या केसांना कुणी हात लावणार नाही, हे मी काकांकडून गंगेत उभं करून वदवून घेतलं आहे. तुला माझ्याजवळ ठेवणार आहे. मला पुन्हा नेम धरायला सांगू नकोस, आणि तूही धरू नकोस.

अस्थी सोडल्या तेव्हा पलीकडच्या वाळूवरून काहीतरी पांढरं मोठ्या थव्यानं उठलं आणि पाण्यावरून फिरून पुन्हा बसलं. ते बगळे होते की दुसरं कोण, माझ्या डोळ्यांना त्या वेळी ओळखता आलं नाही. म्हणून ते यादीत धरू नकोस.

तुझी सुंदर